खासगी संसार आणि कोर्टाची नोकरी

२७ जुलै २००० ही तारीख असलेले एक पत्र फिलिपिन्समधल्या लास पिन्यास शहरातील न्यायाधीशांच्या हाती पडले. त्यांच्याच न्यायालयात दुभाषाचे काम करणाऱ्या एका बाईंविरुद्ध ती तक्रार होती. या बाई लग्नाच्या नवऱ्याऐवजी दुसऱ्याच पुरुषाबरोबर राहतात, त्या दोघांना मुलगा आहे, आणि अशा बाईंना नोकरीत ठेवले तर न्यायालयालाच हे वागणे मान्य आहे असे दिसेल, असे तक्रारदाराचे म्हणणे होते. हा तक्रारदार त्या बाईंच्या किंवा त्यांच्या जोडीदाराच्या नात्यातला नव्हता. बाई साक्षीदारांच्या बोलण्याचे चुकीचे भाषांतर करतात, पैसे घेतात किंवा उशिरा येतात, असे काहीही त्याने म्हटले नव्हते. त्याची तक्रार फक्त त्यांच्या घराबद्दल होती.

हे प्रकरण जवळजवळ सहा वर्षे चालले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठापुढे ते दोनदा गेले. न्यायालयीन कर्मचाऱ्याच्या खासगी वागणुकीवर नोकरीतली शिक्षा कुठवर देता येते, या प्रश्नाचा इतका खोल विचार दुसऱ्या फार थोड्या निकालांत सापडेल. आपल्याकडचे बेलिफ, शिरस्तेदार, लघुलेखक आणि शिपाईही याच प्रश्नाच्या कक्षेत येतात, म्हणून तो निकाल नीट समजून घेण्यासारखा आहे.

हा प्रश्न फिलिपिन्समध्येच इतका का पेटतो?

याचे पहिले कारण घटस्फोटाचा कायदा. व्हॅटिकन सोडले तर नागरिकांना सर्वसाधारण घटस्फोट न देणारा फिलिपिन्स हा आज जगातला एकमेव देश आहे. पूर्वी तिथे तशी सोय होती. अमेरिकी राजवटीत, १९१७ च्या कायद्याने, व्यभिचार किंवा रखेल ठेवण्याच्या गुन्ह्यावरून घटस्फोट मिळत असे. जपानी ताब्याच्या काळात, १९४३ मध्ये, त्याची कारणे वाढवण्यात आली. १९५० च्या नागरी संहितेने ती दारे बंद केली. आज फक्त मुस्लिम नागरिकांना १९७७ च्या त्यांच्या स्वतंत्र कायद्याखाली घटस्फोट मिळतो. बाकीच्यांना कायदेशीर विभक्तता मिळू शकते, पण तिने लग्न तुटत नाही आणि पुन्हा लग्नही करता येत नाही. लग्न मुळातच अवैध होते असे जाहीर करून घेण्याचा आणखी एक मार्ग आहे, पण तो लांबलचक आणि खर्चिक आहे. मे २०२४ मध्ये घटस्फोटाचे विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही.

याचा अर्थ एखाद्या कारकुनाचे किंवा समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याचे लग्न वीस वर्षांपूर्वी मोडले असले, नवराबायको दोन टोकांना राहत असले, तरी कागदावर ते नवराबायकोच राहतात. नंतर मांडलेला कोणताही संसार कायद्याच्या लेखी बाहेरचा. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत तो लग्न अवैध ठरवून घेतो आणि पुन्हा लग्न करतो. तुटपुंज्या पगारावरचा कर्मचारी तसाच राहतो, आणि मग एक दिवस त्याच्याविरुद्ध अनैतिक वर्तनाची तक्रार येते. इथे नीतीच्या नावाखाली बरेचदा गरिबीलाच शिक्षा होते, असे मला वाटते.

दुसरे कारण राज्यघटनेतले आहे. १९८७ च्या राज्यघटनेने देशातल्या सगळ्या न्यायालयांवर आणि त्यांच्या सगळ्या कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला दिला आहे. त्यामुळे पलावान बेटावरच्या एखाद्या छोट्या न्यायालयातला समन्स बजावणारा कुणाबरोबर राहतो, हा प्रश्न शेवटी मनिलातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या टेबलावर येतो आणि त्यावर छापील निकाल निघतो. दुसऱ्या देशांत असली प्रकरणे जिल्ह्याच्या फायलींतच मिटतात. फिलिपिन्समध्ये त्यांचा कायदा तयार होत गेला.

नियम काय सांगतात

१९८७ च्या प्रशासकीय संहितेत सरकारी नोकराला शिक्षा करण्याच्या कारणांमध्ये 'लाजिरवाणे आणि अनैतिक वर्तन' हे एक कारण आहे. नागरी सेवेच्या नियमांनुसार ते गंभीर अपराधांत मोडत आले. पहिल्या वेळी सहा महिने एक दिवस ते एक वर्ष बिनपगारी निलंबन, दुसऱ्या वेळी बडतर्फी. १ जून २००४ पासून न्यायालयीन कर्मचाऱ्यांसाठी वेगळी आचारसंहिता लागू झाली. कामाशी निष्ठा, गोपनीयता, हितसंबंधांचा संघर्ष आणि कर्तव्यपालन असे तिचे चार भाग आहेत. २०२२ पासून न्यायाधीश आणि कर्मचारी यांना एकच सुधारित शिस्तनियमावली लागू आहे.

सहा महिने एक दिवसाच्या बिनपगारी निलंबनाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. घरात दुसरी मिळकत नसेल तर मुलांच्या शाळेपासून घरभाड्यापर्यंत सगळे अडते. शिक्षा एका माणसाच्या नीतीला दिलेली असते, पण ती भोगते सगळे घर.

न्यायालयाची प्रतिमा

अशा शिक्षांच्या मागे एक ठरलेला युक्तिवाद असे. न्यायालयाची प्रतिमा तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वागण्यात दिसते, न्यायाधीशापासून सर्वांत खालच्या कर्मचाऱ्यापर्यंत, मग ते वागणे कचेरीतले असो की बाहेरचे. फिलिपिन्सच्या निकालांत हा विचार इतक्या वेळा आला आहे की त्याला जवळजवळ कायद्याचे वजन आले.

पलावानमधल्या ब्रुक्स पॉइंट या गावच्या न्यायालयातल्या समन्स बजावणाऱ्या एका कर्मचाऱ्याचे उदाहरण घ्या. त्याच न्यायालयात पूर्वी लघुलेखक असलेल्या एका विवाहित बाईबरोबर तो काही महिने राहत होता. तिच्या नवऱ्याने १९९४ मध्ये तक्रार केली. नवराबायकोने वेगळे राहण्याचा लेखी करार आधीच केला होता, असा बचाव कर्मचाऱ्याने मांडला. पुढे तक्रारदार नवऱ्याचाही या प्रकरणातला रस संपला. तरीही मार्च २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सहा महिने एक दिवस निलंबित केले. दोघांच्या करारावर लग्न मोडत नाही, आणि तक्रारदाराने पाठ फिरवली म्हणून चौकशी आपोआप संपत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

पहिला मुद्दा कायद्याला धरूनच आहे. दुसराही लाचखोरीच्या प्रकरणात योग्यच ठरेल, कारण तक्रारदाराला दम देऊन गप्प बसवता येते. पण जिथे ज्याचे मन दुखावले त्यालाच आता काही म्हणायचे नाही, तिथे नऊ वर्षांनी केलेल्या शिक्षेतून कुणाचे भले झाले, याचे उत्तर मला त्या निकालात सापडत नाही.

दुभाषी बाईंचा बचाव

लास पिन्यासच्या बाईंनी काहीच नाकारले नाही. त्या आणि त्यांचे जोडीदार सुमारे वीस वर्षे एकत्र राहत होते. त्या १९९९ मध्ये नोकरीला लागल्या तेव्हा त्यांचे पती वारलेले होते, म्हणजे त्या विधवा होत्या. जोडीदाराचे मात्र आधीचे लग्न कायद्याने कायम होते आणि तो पत्नीपासून वेगळा राहत होता.

बाई यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या. कायद्याच्या अडचणीमुळे लग्न करता येत नसेल, तर एकमेकांशी एकनिष्ठ राहण्याची लेखी प्रतिज्ञा साक्षीदारांसमोर करण्याची सोय या पंथात आहे. मंडळीतले वडीलधारे आधी अडचण खरी आहे की नाही ते तपासतात. अडचण दूर झाली की रीतसर लग्न करणे बंधनकारक असते. २८ जुलै १९९१ रोजी दोघांनी अशी प्रतिज्ञा केली होती. त्यांच्या मंडळीच्या दृष्टीने हा संसार पवित्र होता, कायद्याच्या दृष्टीने तो होऊच शकत नव्हता.

चौकशी करणाऱ्या कार्यकारी न्यायाधीशांनी आरोपातली हकिकत खरी मानली, पण धर्मस्वातंत्र्याचा विचार करून तक्रार फेटाळावी अशी शिफारस केली. न्यायालयीन प्रशासनाच्या वरच्या कार्यालयाला हे पटले नाही. त्यांची शिफारस नेहमीचीच होती, सहा महिने एक दिवस, बिनपगारी.

२००३ आणि २००६ : न्यायालयाने काय केले

४ ऑगस्ट २००३ चा निकाल न्या. रेनातो पुनो यांनी लिहिला. तेच पुढे २००६ च्या अखेरीस फिलिपिन्सचे सरन्यायाधीश झाले. धर्म आणि राज्यसत्ता यांच्या नात्याचा इतिहास प्राचीन काळापासून उलगडत नेणारा हा निकाल फार दीर्घ आहे, आणि पलावानच्या शिक्षेनंतर अवघ्या पाच महिन्यांनी आलेला आहे.

कर्मचाऱ्याला शिक्षा करताना सरकारने कोणती नीती वापरायची, हा त्यातला गाभ्याचा प्रश्न. पुनो यांनी धर्माची नीती आणि सार्वजनिक, ऐहिक नीती अशी फारकत केली. एखाद्या धर्मात एखादे वागणे पाप आहे, एवढ्यावरून सरकार शिक्षा करू शकत नाही. त्या वागण्याने समाजाच्या ऐहिक व्यवहाराला, एकत्र राहण्याला, संस्थांच्या टिकण्याला धक्का बसतो का, हे बघायला हवे. न्यायालयाला काय घृणास्पद वाटते हा निकष नाही, असे मानणे हेच मोठे पाऊल होते.

दुसरा मुद्दा सिद्धतेच्या ओझ्याचा. कर्मचाऱ्याचे वागणे प्रामाणिक धर्मश्रद्धेतून आलेले असेल, तर तिच्यावर घाला घालण्याइतके जोरदार कारण आपल्याकडे आहे आणि यापेक्षा सौम्य उपाय नाही, हे सरकारनेच सिद्ध करायचे. पुनो यांनी धर्माकडे सदय तटस्थतेने पाहण्याची भूमिका घेतली. सरकारने कोणत्याही धर्माची बाजू घ्यायची नाही, पण शक्य तिथे श्रद्धेला वाट करून द्यायची.

मग बाईंना लगेच सोडले का? नाही. सॉलिसिटर जनरलना प्रकरणात उतरून सरकारची बाजू पुराव्याने मांडायला सांगून न्यायालयाने ते चौकशीसाठी परत पाठवले. हे मला त्या निकालातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. शिक्षेचे समर्थन भाषणात करता येते, पुराव्यात करणे अवघड जाते.

तसेच झाले. २२ जून २००६ रोजी न्यायालयाने तक्रार फेटाळली. बाईंची श्रद्धा खरी असल्याबद्दल वाद उरला नव्हता. विवाहसंस्था आणि न्यायालयाची प्रतिष्ठा जपण्यात सरकारला रस आहे हे न्यायालयाने मानले, पण या एका कर्मचाऱ्याला सूट दिल्याने ते हित प्रत्यक्षात कसे बुडते, हे सरकारला दाखवता आले नाही. त्यांच्याविरुद्ध फौजदारी खटला भरण्याची तसदीही कुणी घेतलेली नव्हती.

निकाल एकमताचा नव्हता. न्या. अंतोनियो कार्पिओ यांनी विरोधी मत नोंदवले. त्यांचा मुद्दा साधा आणि वजनदार होता. जोडीदाराचे लग्न कायम असताना त्याच्याबरोबर राहणे हे दंडसंहितेत गुन्ह्याच्या व्याख्येत बसते, आणि रोज कायदा राबवणाऱ्या न्यायालयाने स्वतःच्या कर्मचाऱ्याला धर्माच्या नावाने त्यातून सूट देऊ नये. ज्यांना हा निकाल पटतो त्यांनीही या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे की, गुन्हा वाटत असेल तर फौजदारी न्यायालयात तो सिद्ध करावा. तिथे आरोपीला सगळी संरक्षणे मिळतात. ती टाळून खात्याच्या कमी काटेकोर चौकशीत त्याच गुन्ह्याची शिक्षा देणे न्याय्य नाही.

धर्म नसेल तर?

या निकालातली एक उणीव मात्र दिसते. प्रतिज्ञापत्र नसलेल्या, कोणत्याही पंथाच्या नसलेल्या कर्मचाऱ्याला त्याचा फायदा थोडाच मिळतो. तसाच संसार, तेवढाच एकनिष्ठ, पण त्यामागे मंडळीची मोहर नाही, तर सहा महिने एक दिवस ठरलेले. श्रद्धावंताला संरक्षण आणि बाकीच्यांना शिक्षा, ही वाटणी मला पटत नाही.

धर्मावरून फरक पडल्याचे आणखी एक उदाहरण १९९३ चे आहे. सुलू प्रांतातल्या एका मुस्लिम न्यायाधीशांवर दोन बायका असल्याचा आरोप झाला. मुस्लिम व्यक्तिगत कायद्याखाली त्यांचे दुसरे लग्न वैध असल्याने अनैतिकतेचा ठपका टिकला नाही. त्याच देशात ख्रिस्ती कर्मचाऱ्याने असे केले असते तर त्याला शिक्षा झाली असती.

ऐहिक नीतीचा निकष मात्र धर्माच्या बाहेरही उपयोगी पडला. २३ नोव्हेंबर २००४ चा न्यायालयातल्या एका लघुलेखिकेबद्दलचा निकाल पाहा. ती अविवाहित होती, तिला मूल झाले होते आणि मुलाचा बाप विवाहित होता. तिला निलंबनाची शिक्षा झालीच. पण न्यायालयाने सोबत एक गोष्ट स्पष्ट करून टाकली. बापही अविवाहित असता, तर सामान्यतः शिक्षेचे कारण उरले नसते. दोन अविवाहित प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना शिक्षा देणारा कायदाच नाही, आणि लग्नाशिवाय आई होणे हा काही अपराध नाही.

अशा प्रकरणांत बाईवर बोट ठेवणे फार सोपे असते, कारण तिचे पोट दिसते, मूल दिसते. पुरुषाचा वाटा सिद्ध करावा लागतो, बाईचा आपोआप सिद्ध होतो. फिलिपिन्सच्या दंडसंहितेतही ही असमानता उघड आहे. विवाहित बाईचा परपुरुषाशी एकदा आलेला संबंधही व्यभिचार ठरतो. पुरुषाच्या बाबतीत मात्र रखेलीला घरात आणून ठेवणे, चारचौघांत गवगवा होईल असे वागणे किंवा दुसरीकडे तिच्याबरोबर राहणे, यातले काहीतरी सिद्ध व्हावे लागते, आणि शिक्षाही कमी. त्या कायद्याच्या सावलीत नोकरीची शिस्त राबवली, तर ती समान कशी राहील?

तक्रार करायची कुणी?

या सगळ्या विषयातली मला सर्वांत खटकणारी गोष्ट इथे आहे. फिलिपिन्समध्ये व्यभिचाराचा फौजदारी खटला फक्त ज्याचा विश्वासघात झाला तो नवरा किंवा ती बायकोच सुरू करू शकते. घरातले भांडण बाहेरच्याने चव्हाट्यावर आणू नये, हा त्यामागचा विचार. पण खात्याकडे तक्रार कुणीही करू शकतो. सार्वजनिक नोंदींचा आधार असेल तर निनावी तक्रारीवरही चौकशी होऊ शकते. म्हणजे तुरुंगात पाठवायला बायकोची सही लागते आणि नोकरी घालवायला शेजाऱ्याची पुरते.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका न्यायाधीशाला बडतर्फ केले. त्याच्याविरुद्धची तक्रार निनावी होती. लग्नाबाहेरच्या संबंधांशिवाय बंदूक घेऊन लोकांना धमकावल्याचा आरोपही होता. अशा माणसाला न्यायासनावरून खाली उतरवले यात दुःख वाटण्यासारखे काही नाही. पण न्या. मार्विक लिओनेन यांनी तेव्हा एक वेगळा विचार मांडला. अनैतिकतेची तक्रार करण्याचा अधिकार ज्यांचे प्रत्यक्ष नुकसान झाले त्यांनाच, म्हणजे पती, पत्नी, मुले यांनाच असावा. बहुमताने तो नाकारला. मला तो योग्य वाटतो. कोर्टात काम करणाऱ्या माणसाला शत्रू कमी नसतात. हरलेला पक्षकार, ज्याच्या घरी बेलिफ जप्ती घेऊन गेला तो देणेकरी, बढतीत मागे पडलेला सहकारी, या सगळ्यांच्या हातात कुणाच्याही घरात डोकावण्याची किल्ली देऊ नये.

भारतात आणि महाराष्ट्रात

आपल्याकडे चौकट वेगळी आहे. उच्च न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांची नेमणूक आणि सेवाशर्ती राज्यघटनेच्या अनुच्छेद २२९ खाली मुख्य न्यायमूर्तींकडे असतात. जिल्हा आणि तालुका न्यायालयांवर अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. महाराष्ट्रातल्या शासकीय नोकरांसाठी १९७९ चे दोन नियमसंच आहेत, एक वर्तणुकीचा आणि एक शिस्त व अपिलाचा. वर्तणूक नियमांतला तिसरा नियम सचोटी आणि कर्तव्यनिष्ठा मागतो आणि शासकीय कर्मचाऱ्याला अशोभनीय असे काही करू नका, असे बजावतो. यातले 'अशोभनीय' हे फार ऐसपैस आहे. त्यात काय बसते हे बहुतेक वेळा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याच्या मनावर असते.

एक फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. फिलिपिन्समध्ये निलंबन ही शिक्षा आहे. महाराष्ट्रात ती शिक्षा मानली जात नाही, चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवण्याची ती तजवीज असते आणि त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. शिक्षा म्हणजे ठपका ठेवणे, वेतनवाढ किंवा बढती रोखणे, इथपासून खालच्या पदावर आणणे, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी. अनुच्छेद ३११ मुळे दोषारोप कळवून आणि बाजू मांडू देऊनच बडतर्फ करता येते. त्याला अपवाद आहेत, पण ते अपवादच आहेत.

दुसऱ्या लग्नाबाबत मात्र नियम स्पष्ट आहे. पहिली पत्नी किंवा पती हयात असताना शासकीय कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय दुसरे लग्न करता येत नाही. या बाबतीत मुंबई प्रांत देशाच्या पुढे होता. हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला मनाई करणारा मुंबईचा कायदा १९४६ चा, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या नऊ वर्षे आधीचा. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छगला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी १९५१ मध्ये तो वैध ठरवला.

इथे भारत आणि फिलिपिन्सच्या वाटा वेगळ्या होतात. उत्तर प्रदेशात सिंचन खात्यातल्या एका मुस्लिम कर्मचाऱ्याला परवानगी न घेता दुसरे लग्न केल्यामुळे नोकरी गमवावी लागली. धर्मस्वातंत्र्याच्या आधारे त्याने दाद मागितली. फेब्रुवारी २०१५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. धर्म एखादी गोष्ट करू देतो याचा अर्थ ती करणे धर्माचे आवश्यक अंग आहे असा होत नाही, असे न्यायालय म्हणाले. मला हा निकाल योग्य वाटतो, कारण दुसऱ्या लग्नाने पहिल्या पत्नीचा हक्क थेट बुडतो.

धर्मश्रद्धेला आपली न्यायालये नेहमीच नाही म्हणतात असेही नाही. यहोवाज विटनेसेस पंथाच्याच तीन मुलांना केरळात राष्ट्रगीत न गायल्यामुळे शाळेतून काढले होते. ती उभी राहत, पण गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. सात वर्षांनी फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने ध्वजवंदन न करणाऱ्या त्याच पंथाच्या मुलांबद्दल तसाच निर्णय दिला.

व्यभिचाराचे कलम गेले, मग उरले काय?

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द झाले. व्यभिचार घटस्फोटाचे कारण राहिला, गुन्हा राहिला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हा नाही. पहिले लग्न कायम असताना दुसरे लग्न करणे मात्र आजही गुन्हा आहे.

एखादी गोष्ट गुन्हा राहिली नाही म्हणून तिच्यावर नोकरीतली कारवाई आपोआप संपत नाही. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, २०१८ चा निकाल सैन्यदलांच्या शिस्तीच्या कायद्यांना लागू नाही. नागरी नोकरांच्या बाबतीत उच्च न्यायालयांत वेगवेगळा सूर दिसतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पोलीस शिपायाची बडतर्फी रद्द केली. पोलीस वसाहतीतल्या एका विधवा बाईशी त्याचे संबंध होते. ते दोघांच्या संमतीचे, खासगी होते, आणि रीतसर चौकशी टाळून त्याला काढले होते. पोलिसांच्या शिस्तीला हे लागू होत असेल, तर न्यायालयातल्या कारकुनाला नक्कीच व्हावे.

काय खासगी नाही

खासगीपणाचा आग्रह धरताना गोंधळ होऊ नये, म्हणून हे स्पष्ट सांगतो. हाताखालच्या बाईवर दबाव टाकणे खासगी नाही. न्यायालयात खेपा घालणाऱ्या पक्षकार स्त्रीला, विशेषतः पोटगीच्या किंवा घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात आलेल्या बाईला, फाईल पुढे सरकवण्याच्या बदल्यात जाळ्यात ओढणे खासगी नाही. हा सत्तेचा दुरुपयोग आहे आणि त्यावर लैंगिक छळाच्या कायद्यासह सगळे उपाय वापरले पाहिजेत. बायकोला मारहाण करणे खासगी नाही. बायकामुलांना वाऱ्यावर सोडून पोटगी बुडवणेही खासगी नाही, पोटगीची वसुली वॉरंटे रोज हाताळणाऱ्या माणसाने तर नाहीच. आपल्याच न्यायालयात चाललेल्या खटल्यातल्या पक्षकाराशी संबंध ठेवून ते लपवणे हा हितसंबंधांचा संघर्ष आहे. खोट्या नावाने जन्मनोंद किंवा विवाहनोंद करणे हा खोटा दस्तऐवज आहे.

या प्रत्येकात कुणाचे तरी नुकसान दाखवता येते, किंवा न्यायाच्या कामात आलेला अडथळा दाखवता येतो. दोन प्रौढ माणसे संमतीने, कुणाला न फसवता एकत्र राहतात, तेव्हा यातले काहीच दाखवता येत नाही, दाखवता येते ती फक्त शेजारपाजारची नापसंती.

नोटीस हाती पडली तर

न्यायालयात नोकरी करणाऱ्या आणि अशा तक्रारीत सापडलेल्या वाचकाला माझे सांगणे आहे. घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. दबावाखाली लिहिलेला कबुलीजबाब देऊ नका. दोषारोपपत्रात कोणत्या नियमाचा भंग झाला आणि नेमके कोणते वागणे आक्षेपार्ह आहे, हे लिहिलेले असले पाहिजे. केवळ 'अशोभनीय वर्तन' एवढे लिहिले असेल तर तपशील लेखी मागा. ज्या कागदपत्रांवर आरोप उभा आहे त्यांच्या प्रती मागा, बचाव सहायक मागा, साक्षीदारांची उलटतपासणी सोडू नका. तुमच्या वागण्याने न्यायालयाच्या कामाला कोणती बाधा पोहोचली, हा प्रश्न उत्तरात स्पष्टपणे विचारा. २००६ मध्ये लास पिन्यासच्या दुभाषी बाईंना नोकरी वाचवता आली, कारण हाच प्रश्न फिलिपिन्सच्या सरकारला विचारला गेला आणि त्याला उत्तर देता आले नाही.